कोर्स पूर्ण केला होता का?

२०२२ च्या जुलैत माझी आजी पूर्व उपनगरातल्या एका खासगी रुग्णालयात अकरा दिवस होती आणि बाराव्या दिवशी गेली. वय ८१. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग रक्तात उतरला, रक्तदाब पडला, मग आयसीयू. चौथ्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट आला. जिवाणूचं नाव क्लेब्सिएल्ला न्यूमोनिए. खाली औषधांची लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट. मेरोपेनेम हे शेवटच्या फळीतलं औषध मानतात, त्याच्यापुढेही आर. कोलिस्टिनपुढे तेवढं वेगळं अक्षर होतं. हे १९५० च्या दशकातलं औषध मूत्रपिंडांना त्रास देतं म्हणून मागे पडलं होतं, ते आता नाइलाजाने पुन्हा बाहेर काढतात. आणि सगळ्यात तळाशी बारीक टायपात एक ओळ: एनडीएम जनुक आढळले.

रिपोर्ट समजावून सांगताना तिथल्या तरुण डॉक्टरांनी आईला विचारलं, “काकू, आधी कधी अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडला होता का?”

सोडला होता. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आजीला लघवीला जळजळ होत होती. डॉक्टरांनी फोनवर सेफिक्झिम सांगितलं, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. तिसऱ्या दिवशी आजीला इतके जुलाब लागले की आईने गोळ्या बंद केल्या. जळजळ तोवर थांबली होती. चार गोळ्या उरलेली ती पट्टी आमच्या औषधांच्या स्टीलच्या डब्यात तशीच पडून होती. आणि आजी गेल्यानंतर ती पट्टी आईने टाकून दिली नाही. डबा आवरायला घेतला की ती पट्टी हातात घेते, पुन्हा ठेवते.

हा लेख त्या प्रश्नाच्या विरोधात आहे. विचारणाऱ्या डॉक्टरांविरुद्ध माझी तक्रार नाही. छत्तीस तास झोप न झालेल्या माणसाने पाठ केलेला प्रश्न विचारला. माझी तक्रार आहे तो प्रश्न त्यांच्याकडून पाठ करून घेणाऱ्या समजुतीविरुद्ध. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, जीवशास्त्राशी संबंध बारावीत संपला होता (आणि तो संपल्याचा आनंद झाला होता). पण त्यानंतरची दोन वर्षं घाटकोपर-अंधेरी मेट्रोत उभ्याने मी याच विषयावरचे शोधनिबंध वाचत आले. माझ्या मते एनडीएमसारख्या जनुकाच्या बाबतीत ‘कोर्स पूर्ण केला होता का’ हा प्रश्न चुकीचा तर आहेच, शिवाय सोयीचाही आहे. कोणाच्या सोयीचा, ते पुढे येईलच.

आधी या समजुतीत खरं काय आहे ते सांगायला हवं. तिच्यामागचं चित्र असं: शरीरात कोट्यवधी जंतू आहेत. त्यातल्या एखाद्यात, डीएनएची नक्कल करताना, योगायोगाने अशी चूक होते की औषध त्याला मारू शकत नाही. औषध मध्येच थांबवलं तर चिवट तेवढे उरतात, वाढतात, आणि पुढच्या वेळी औषध चालत नाही. क्षयरोगाच्या बाबतीत हे चित्र बरंचसं बरोबर आहे. क्षयाच्या जिवाणूकडे बाहेरून जनुकं आणायची सोय जवळजवळ नाही. त्याचा औषधरोध स्वतःच्या गुणसूत्रातल्या म्युटेशनमधूनच येतो. म्हणून तिथे तीन-चार औषधं एकदम देतात, म्हणजे एका जंतूत एकाच वेळी सगळ्या चुका होण्याची शक्यता नगण्य होते, आणि म्हणून ती महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. मुंबईला हे शिकवायला नको. २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उडवाडियांनी सगळ्या उपलब्ध औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण जगापुढे मांडले, तेव्हा सरकारने आधी त्या शब्दावरच वाद घातला होता. तर क्षयाच्या गोळ्या कोणी मध्येच सोडू नयेत. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, कारण या लेखाचा स्क्रीनशॉट काढून कोणीतरी काकांना पाठवणार आहे आणि काका गोळ्या बंद करणार आहेत.

पण क्लेब्सिएल्ला, ई. कोलाय, टायफॉइडचा साल्मोनेला, कॉलऱ्याचा व्हिब्रिओ हे वेगळ्या जातकुळीचे प्राणी आहेत. त्यांच्याकडे मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची छोटी, गोल, सुटी वर्तुळं असू शकतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. हा शब्द जोशुआ लेडरबर्गने १९५२ साली सुचवला. एक जिवाणू दुसऱ्याला चिकटून एक बारीक नळी जोडतो आणि प्लाझ्मिडची एक प्रत पलीकडे देऊन टाकतो. स्वतःची प्रत त्याच्याकडे राहतेच. पलीकडचा त्याच जातीचा असायला हवा असंही नाही. शिवाय प्लाझ्मिडवर ट्रान्सपोझॉन असतात, म्हणजे जागा बदलणारे डीएनएचे तुकडे: आज या प्लाझ्मिडवर, उद्या त्या, परवा थेट गुणसूत्रात. आणि जिवाणूंना बाधणारे विषाणूही जनुकांची ने-आण करतात. कॉलऱ्यात माणसाला मारतं ते विषसुद्धा व्हिब्रिओचं मूळचं नव्हे. त्याची जनुकं एका विषाणूने आणून दिलेली आहेत, हे वॉल्डोर आणि मेकालॅनोस यांनी १९९६ साली दाखवलं.

माझ्या धंद्यातल्या माणसाला हे समजायला अवघड जात नाही. म्युटेशन म्हणजे टाइप करताना झालेली चूक, जी हजारात एकदा चुकून कामाची निघते. प्लाझ्मिड म्हणजे दुसऱ्याने लिहून, तपासून, चालवून पाहिलेलं पॅकेज. एक कमांड दिली की तुमच्या प्रोजेक्टमध्ये. आम्ही ऑफिसात दिवसभर हेच करतो आणि त्याचे पैसे घेतो. आईला ही उपमा काही पटली नाही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे शेजारणीकडून विरजण आणल्यासारखं.” तिची उपमा जास्त बरोबर आहे. विरजण दिलं तरी शेजारणीचं दही संपत नाही, चमचाभर पुरतं, आणि एका मजल्यावरून सगळ्या चाळीत जातं. चाळीतल्या विसाव्या बिऱ्हाडाच्या दह्याचा जाब त्याच बिऱ्हाडातल्या दुधाला विचारायचा, असा तो आयसीयूबाहेरचा प्रश्न होता.

ही गोष्ट कालपरवा कळलेली असती तर मी एवढी चिडले नसते. १९५० च्या दशकात जपानमध्ये रक्ताच्या जुलाबाचे, म्हणजे शिगेलाचे, असे जिवाणू सापडू लागले जे सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना एकदम दाद देत नव्हते. चार स्वतंत्र चुका एकाच जंतूत एकाच वेळी होण्याची शक्यता काढायला कॅल्क्युलेटर लागत नाही. त्यात एकच औषध घेतलेल्या रुग्णांच्या विष्ठेतही चारही औषधांना पुरून उरणारे जिवाणू मिळत होते. जी औषधं त्या माणसाने घेतलीच नाहीत, त्यांचा कोर्स तो अर्धवट कसा सोडणार? ओचिआय, अकिबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९-६० च्या सुमारास दाखवलं की हा सगळा संच ई. कोलायकडून शिगेलाकडे अख्खा जातो. त्सुतोमू वातानाबेने १९६३ मध्ये इंग्रजीत त्याचा सविस्तर आढावा घेतला आणि शीर्षकातच त्याला संसर्गजन्य आनुवंशिकता म्हटलं. १९६३! माझी आई तेव्हा जन्मलेलीही नव्हती.

आता एनडीएमकडे येऊ. २००८ च्या जानेवारीत स्वीडनमध्ये भारतीय वंशाच्या एका रुग्णाच्या लघवीत एक क्लेब्सिएल्ला सापडला. हा रुग्ण आधी दिल्लीत रुग्णालयात होता. त्या जिवाणूतल्या नव्या जनुकाला २००९ च्या शोधनिबंधात ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ असं नाव दिलं गेलं. २०१० च्या ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधले नमुने एकत्र मांडणारा निबंध आला आणि दिल्लीत भडका उडाला. देशाची बदनामी, वैद्यकीय पर्यटनाविरुद्ध पाश्चात्त्यांचा कट, वगैरे. इटलीतल्या व्हेरोना शहराचं नाव असलेलं असंच एक जनुक आधीपासून होतं, साओ पाउलोचंही होतं. तिथे कोणी रस्त्यावर उतरल्याचं मी वाचलेलं नाही. २०११ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. आपण जिंकलो. जनुकाचं नाव मात्र तेच राहिलं, आणि जनुकही.

या गदारोळात आपल्या मुंबईची नोंद कोणाच्या लक्षात राहिली नाही. ‘लॅन्सेट’च्या पाच महिने आधी, २०१० च्या मार्चमध्ये, भारतीय डॉक्टरांच्याच ‘जापी’ या नियतकालिकात हिंदुजा रुग्णालयाचा एक छोटा निबंध छापून आला होता. २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात त्यांना कार्बापेनेम गटाच्या औषधांना न जुमानणारे आतड्यातले जिवाणू मिळाले २४. त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ होतं. एक रुग्णालय, तीन महिने, चोवीसातले बावीस. त्याच अंकात डॉ. अब्दुल गफूर यांनी अँटिबायोटिकांचा मृत्युलेख लिहिला होता. म्हणजे कटाचा आरोप होण्याच्या आधीच, आपल्याच गावातल्या डॉक्टरांनी, आपल्याच नियतकालिकात, लिहून ठेवलं होतं. ते वाचून कोणी नावावरून भांडायला आलं नाही. त्या निबंधावरून काही करायला कोणी धावून आलं, असंही दिसत नाही.

त्या जनुकाची घडण मला फार बोलकी वाटते. एनडीएम-१ हे २७० अमिनो आम्लांचं प्रथिन, म्हणजे त्याची कृती लिहायला डीएनएची ८१३ अक्षरं लागतात. त्याचं सुरुवातीचं टोक दुसऱ्याच एका, वेगळ्या गटातल्या औषधाला निकामी करणाऱ्या जनुकाचं आहे. ते बहुधा असिनेटोबॅक्टर नावाच्या जिवाणूत या नव्या तुकड्याला जोडलं गेलं. त्याच्या अलीकडे आयएसएबीए-१२५ नावाचा उड्या मारणारा तुकडा आहे. तो जनुकाला हलवतो आणि ‘चालू कर’ ही सूचनाही पुरवतो. शुद्ध कॉपी-पेस्ट! माझ्या आजीच्या आतड्यात, सेफिक्झिमच्या सहा गोळ्यांनी, तीन दिवसांत हे घडलं असं कोणाला म्हणायचं असेल तर त्याने माकडाला टाइपरायटरवर बसवून ज्ञानेश्वरीची वाट बघावी. ही ८१३ अक्षरं तिच्या शरीरात बाहेरून, तयार, आली. विचारायला हवं होतं ते हे की कुठून आली.

एक उत्तर २०११ साली मिळालं होतं. टिमथी वॉल्श आणि सहकाऱ्यांनी दिल्लीतल्या रस्त्यांवर साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याचे १७१ आणि सार्वजनिक नळाच्या पाण्याचे ५० नमुने तपासले. एनडीएम जनुक साचलेल्या पाण्याच्या ५१ नमुन्यांत मिळालं आणि नळाच्या दोन. ज्या जिवाणूंत ते मिळालं त्यांत शिगेला होता, कॉलऱ्याचा व्हिब्रिओही होता. आणि प्लाझ्मिडची देवाणघेवाण ३० अंश सेल्सिअसला सर्वांत जोरात झाली. म्हणजे शरीराच्या ३७ अंशांपेक्षा जास्त! आपल्याकडचं गटाराचं पाणी वर्षातला किती काळ तीस अंशांच्या आसपास असतं, याचा विचार करून पाहा. त्या संशोधनावर सरकारी प्रतिक्रिया काय आली ते सांगत नाही. ओळखा.

दुसरं उत्तर त्याहून थेट आहे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सुमारे २,००० प्रवाशांची प्रवासाआधी आणि नंतर विष्ठा तपासली. २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. प्रवासाआधी ज्यांच्या आतड्यात बहुऔषधरोधी जिवाणू नव्हते आणि जे दक्षिण आशियात जाऊन आले, त्यांतले ७५ टक्के ते घेऊन परतले. त्यांतल्या बहुतेकांनी इथे एकही अँटिबायोटिक घेतलं नव्हतं, तेव्हा अर्धवट सोडण्याचा प्रश्नच नाही. ते इथे आले, इथलं खाल्लं, इथलं प्यायले, आणि दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या पोटात आपलं विरजण लागलं. पाहुण्याचं दोन-तीन आठवड्यांत हे होत असेल तर घाटकोपरच्या एकाच चाळीत, नाल्यापासून दोन इमारती सोडून, पंचावन्न वर्षं राहिलेल्या बाईने कोणता कोर्स पूर्ण करायला हवा होता?

टायफॉइडचं उदाहरण आपल्या जास्त जवळचं आहे, कारण तो उपनगरातल्या प्रत्येक घरात कोणाला तरी होऊन गेलेला असतो. २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात टायफॉइडची जी औषधरोधी साथ पसरली, तिच्यातल्या जिवाणूने एका प्लाझ्मिडवरून औषधरोधाची जनुकं मिळवली होती. त्याच प्रकारचे प्लाझ्मिड ई. कोलायमध्ये आधीपासून होते. आणि मुंबईतही, टायफॉइडच्या जिवाणूंचे जनुकसंच वाचणाऱ्या भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी, सेफ्ट्रिआक्झोनला दाद न देणारा एक प्रकार या शहरात टिकून फिरत असल्याचं नोंदवलं आहे. त्याच्याकडे इंक-एक्स३ जातीचा प्लाझ्मिड आहे आणि त्यावर दोन वेगळ्या औषधगटांविरुद्धची जनुकं शेजारी शेजारी. एक औषध वापरा, दोन्ही जनुकं जगतात. एका तिकिटात दोन प्रवासी.

इथे मला एक गोष्ट नीट मांडायची आहे, कारण ती समजायला मलाच वर्ष लागलं. आपण गोळी घेतो तेव्हा ती फक्त आजार देणाऱ्या जंतूवर पडत नाही. आतड्यातल्या सगळ्या निरुपद्रवी जिवाणूंवर पडते. त्यांतल्या ज्यांच्याकडे प्लाझ्मिड आहे ते तगतात, बाकीच्यांची जागा घेतात, आणि उद्या येणाऱ्या क्लेब्सिएल्लाला किंवा साल्मोनेलाला द्यायला चमचा तयार ठेवतात. औषधरोध बहुतेक वेळा असा, ज्यांच्यावर उपचार चाललेलाच नाही त्यांच्यात जोपासला जातो. मग गोळ्या जितके जास्त दिवस, तितकी ही निवड जास्त. म्हणजे आईने तीन दिवसांनी गोळ्या थांबवल्या, त्यामुळे आजीच्या पोटातल्या अशा जिवाणूंना झालाच असेल तर कमी फायदा झाला. २०१७ साली ‘बीएमजे’त मार्टिन लेवेलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच लिहिलं की बऱ्याच साध्या संसर्गांत ‘कोर्स पूर्ण करा’ याला पुरावा नाही, आणि गरजेपेक्षा जास्त दिवस औषध देण्यानेच औषधरोध वाढतो. किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टरांनीच ठरवावं. पण ते आकडे कमी व्हायला हवेत, असं आता डॉक्टरांपैकीच बरेच जण म्हणतात.

मग ही समजूत आली कुठून? तिचा एक उगम अलेक्झांडर फ्लेमिंगच्या १९४५ च्या नोबेल व्याख्यानात सापडतो. फ्लेमिंगने एक काल्पनिक गृहस्थ रचला. त्याचा घसा दुखतो, तो दुकानातून पेनिसिलिन आणतो, पुरेसं घेत नाही. त्याच्या घशातले स्ट्रेप्टोकोकस औषधाला सरावतात, मग तेच बायकोला होतात, तिला न्यूमोनिया होऊन ती मरते. आणि फ्लेमिंग विचारतो, दोष कोणाचा? नवऱ्याचा! गंमत अशी की घसा धरणारा तो स्ट्रेप्टोकोकस, गट ‘अ’चा, आजही, इतक्या वर्षांनी, पेनिसिलिनने मरतो. कथा चुकली, तात्पर्य मात्र राहिलं. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, १९४४ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी एका न्यूमोकोकसचा डीएनए दुसऱ्यात घालून त्याचा गुणधर्म बदलून दाखवला होता. जनुकं उसनी मिळतात हे तेव्हाच प्रयोगशाळेत दिसलं होतं. पण त्या निष्कर्षातून कोणा नवऱ्याला दोषी धरता येत नव्हतं.

सोय म्हणाले होते ती ही. दोष गोळी सोडणाऱ्या बाईचा असला की तो एका पोस्टरने निस्तरता येतो. २०१६ मध्ये केंद्र सरकारने औषधाच्या पट्टीवर लाल रेघ मारण्याची मोहीम काढली. त्याआधी २०१४ पासून काही अँटिबायोटिकं ‘एच-१’ या यादीत टाकून दुकानदाराने नोंद ठेवायचा नियम आला. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, मला त्यांच्याविरुद्ध काही म्हणायचं नाही. पण दोन्हींमध्ये समोर उभा आहे तो गिऱ्हाईक आणि कोपऱ्यावरचा केमिस्ट. आता दुसरीकडे बघू. २०२० च्या जानेवारीत केंद्राने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात कोणतं अँटिबायोटिक किती असलेलं चालेल याच्या मर्यादांचा मसुदा काढला होता. शंभराहून जास्त औषधांसाठी आकडे होते त्यात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अंतिम नियम आले तेव्हा ते आकडे गायब. हैदराबादजवळच्या पाटणचेरूत, औषध कारखान्यांचं पाणी शुद्ध करून सोडणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात, सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचं स्वीडिश संशोधकांनी २००७ सालीच छापलं होतं. औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट! तिथल्या जिवाणूंचा कोर्स मात्र कधीच अर्धवट राहत नाही. चोवीस तास, बाराही महिने, पूर्ण.

आणि आपल्याकडे? माझ्या मेट्रोची दोन टोकं घाटकोपर आणि वर्सोवा. दोन्ही ठिकाणी महापालिकेची सांडपाणी केंद्रं आहेत, आणि मधे मरोळ-साकीनाक्याच्या आसपास गाडी मिठी नदीवरून जाते. पावसाळ्यात एसी डब्यातही वास येतो, सगळे मोबाइलमध्ये बघत असतात. मालाडच्या केंद्रात वर्षानुवर्षं चाळणीने कचरा आणि वाळू काढायची आणि पाणी खाडीत सोडायचं, एवढंच होत आलं. २०२३ च्या जानेवारीत सात नव्या केंद्रांचं भूमिपूजन झालं: वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप. मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. त्याआधी ही योजना कित्येक वर्षं निविदांच्या फेऱ्यात होती. त्या वर्षांत किती बायकांना ‘काकू, कोर्स पूर्ण केला होता का’ असं विचारलं गेलं असेल?

माझ्यासारखीच माणसं यावर म्हणतील, की एकट्या सांडपाण्याने काय होणार. बरोबर आहे. प्रक्रिया केंद्रातून जिवाणू कमी होतात, जनुकं शून्य होत नाहीत. रुग्णालयातले न धुतलेले हात आहेत, कॅथेटर आहेत, कोंबड्यांचं खाद्य आहे. त्या खाद्यातलं कोलिस्टिन आपण २०१९ च्या जुलैत बंद केलं. ते कोलिस्टिन निकामी करणारं प्लाझ्मिडवरचं जनुक चीनमध्ये सापडल्याला तेव्हा चार वर्षं होत आली होती. औषधांचा बेसुमार वापर आहेच, आणि त्यात आपण सगळे आहोत. सर्दीला अझिथ्रोमायसिन घेतलेली मीसुद्धा. पण या यादीतल्या किती गोष्टी आईच्या हातात होत्या ते मोजा. याउलट नवी मुंबई महापालिकेने २०१८ साली टायफॉइडची नवी संयुग्म लस नऊ महिने ते चौदा वर्षांच्या एक लाखाहून जास्त मुलांना फुकट टोचली. सरकारी यंत्रणेने ती लस अशी मोहीम काढून देण्याची जगातली ती पहिली वेळ. टायफॉइडच झाला नाही तर प्लाझ्मिड कुठलाही असो. खाडीच्या अलीकडे, मुलुंडच्या या बाजूला, तेव्हा आम्ही केमिस्टकडे लाल रेघ बघत होतो.

मला हवं ते फार नाही. ‘एनडीएम आढळले’ असा रिपोर्ट जितक्या रुग्णालयांत निघतो, तितक्या ठिकाणांहून तो महापालिकेकडे गेला पाहिजे, वॉर्ड आणि तारखेसह, जसा डेंग्यूचा जातो. सांडपाण्याचे नमुने घेऊन ही जनुकं दर महिन्याला मोजली पाहिजेत. कोविडच्या वेळी सांडपाण्यात विषाणू शोधता येतो हे आपण पाहिलं. सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकांच्या मर्यादा, त्या गायब झालेल्या आकड्यांसकट, परत आल्या पाहिजेत. आणि आयसीयूबाहेरच्या त्या डॉक्टरांना दुसरा प्रश्न शिकवला पाहिजे: याआधी कुठल्या रुग्णालयात होता, तिथे कॅथेटर लावला होता का, घरात पाणी कुठून येतं, नाला किती लांब आहे. यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायला आईला लाज वाटली नसती.

मागच्या महिन्यात रविवारी मी हे सगळं तिला सांगितलं, आकडे वगळून. ती भाजी निवडत होती. विरजणाचं पुन्हा एकदा बोलून झालं. मग तिने विचारलं, “म्हणजे पाचही दिवस दिल्या असत्या, तरी?”

मी म्हटलं, “हो, तरी. कदाचित जास्तच.”

“बरं,” ती म्हणाली. थोड्या वेळाने उठून तिने डबा काढला, पट्टीमागची तारीख चष्मा लावून वाचली. २०२२ चा मार्च. मग म्हणाली, “आणि ही आता कुठे टाकू? बेसिनमध्ये टाकली तर ती पण नाल्यातच जाईल ना?”

मी फोनवर शोधून बघितलं. जुन्या गोळ्या परत घेणारं आमच्या वॉर्डात काही सापडलं नाही. पट्टी अजून डब्यातच आहे.